पोट एकीचं, उत्तर दुसरीचं

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तमाम नागरिकांस, तसेच या अंकाच्या सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बाई गरोदर राहिली की तिची वाचा जाते.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मी शोधली आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बोलणं कमी होऊ लागतं, आणि जेवढं तिचं कमी होतं तेवढं शेजारी बसलेल्या बाईचं वाढतं. बाळंत झाल्यावर वाचा परत येते, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या रोगावर उपाय शोधण्यात मी बरीच वर्षं आणि माझा सगळा घसा खर्ची घातला आहे. तरी सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी, अशी विनंती. जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. शेजारची बोलेलच.

मी मुळात परिचारिका. नोकरी कधी लागली, बदली कुठं झाली, निरोपाची शाल कोणी पांघरवली हे सगळं वगळते, कारण ते माझा नवराही पुरतं ऐकून घेत नाही. नोकरी सोडल्यावर एका छोट्या संस्थेनं मला काम दिलं: पहिलटकरणींसाठी बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग. मंगळवारी रांजणगावात बालवाडीच्या खोलीत, शुक्रवारी यवतच्या बाजूला एका लहानशा रुग्णालयाच्या मागच्या खोलीत. मधे मी, माझी स्कूटी आणि एक फुगलेली पिशवी. येणाऱ्या मुली म्हणजे कंपन्यांतल्या कंत्राटी कामगारांच्या बायका, खुरपणीला जाणाऱ्या, पॅकिंगला दिवसभर उभ्या राहणाऱ्या. बैठका चार. कळ म्हणजे काय, ती आली की श्वास कसा घ्यायचा, दवाखान्यात कधी निघायचं, आणि कोणती लक्षणं दिसली की हातातलं काम टाकून धावायचं. एवढंच. स्कूटी शिकवायला याहून जास्त वेळ लागतो.

पिशवीत असायचा एक स्वेटर, माझ्या दिराचा जुना, उंच गळ्याचा. त्याच्या आत कापडी बाहुली, डोकं खाली. स्वेटर म्हणजे गर्भाशय आणि गळा म्हणजे त्याचं तोंड. कळ आली की स्वेटर आवळला जातो, गळा बाहुलीच्या डोक्यावरून थोडासा वर सरकतो आणि थांबतो. पुढची कळ, पुन्हा थोडा. असं बराच वेळ चालतं. गळा पुरता उघडण्याआधीच घरच्यांनी ‘लाव जोर, लाव जोर’ असा गलका केला, तर बाई फुकट दमते, आणि खरी वेळ येते तेव्हा तिच्यात त्राण उरत नाही. हे मी मोठ्या नाट्यमय रीतीनं करून दाखवायची. कळा मीच द्यायची, आवाजासकट.

पहिल्यांदा हा प्रयोग रांजणगावात केला तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, “मॅडम, स्वेटर कुनाचा?”

“माझ्या दिराचा.”

“म्हंजी दिराच्या पोटातनं पोर काढताय व्हय?”

त्यानंतर त्या दिवशी काही शिकवता आलं नाही. पोटुशा मुली पोट धरून हसत होत्या आणि मला भीती, की एखादी इथंच मोकळी होते की काय. प्रश्न विचारणारी बाई मात्र गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होती. ती केंदूरची मंदाबाई. तिच्याकडे येतेच.

आधी हे सांगायला हवं की बोलण्यावाचून माझं एवढं काय अडलं होतं. रक्तदाब यंत्रावर कळतो. बाळाचे ठोके यंत्रानं ऐकता येतात. पण डोकं ठणकतंय का, डोळ्यांपुढं चमकतंय का, बाळ रोजच्यासारखं हलतंय का, हे सांगणारं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही. ते तिनंच सांगायचं असतं. ती सांगत नाही. एकदा अशीच एक मुलगी नातेवाइकांच्या घोळक्यात रुग्णालयात आली. डॉक्टरांनी विचारलं, बाळ हलतंय का? घोळक्यातून उत्तर आलं, “हलतंय की, चांगलं लाथा मारतंय.” मुलगी खाली बघत बसली होती. बाळ हलायचं थांबलं होतं, आणि ते तिला एकटीलाच माहीत होतं. मी मोठी गप्पिष्ट बाई, पण या गोष्टीची गंमत मला कधीच करता आलेली नाही.

म्हणून वर्गात माझा एकच नियम: जिचं पोट, तिनं बोलायचं. फळ्यावर लिहिलेला, रंगीत खडूनं. आणि तो नियम पाळला जावा म्हणून मी ज्या ज्या युक्त्या केल्या, त्यांनी मला नुसतं जेरीस आणलं.

सासवांना बाहेर बसवलं, तर त्या खिडकीतून उत्तरं द्यायच्या. चहा करायला पाठवलं, तर चहा उकळेपर्यंत तिथूनच ओरडायच्या. नवऱ्यांना बोलवावं म्हटलं, तर रात्रपाळीचे झोपलेले, दुसऱ्या पाळीचे निघालेले. एकजण बायकोबरोबर आला, बिहारकडचा, कंपनीच्या गणवेशातच. मला वाटलं, चला, इथं सासू नाही, ही बोलेल. विचारलं, “कमर में दर्द होता है क्या?” नवरा ताठ उभा राहून म्हणाला, “नहीं मॅडम, इसको कुछ नहीं होता. बहुत मजबूत है.” बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या नजरेत अख्खी कंबर दिसत होती.

आता मंदाबाई.

मंदाबाईंचा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर. सून अश्विनी, पहिलटकरीण, एकवीस-बावीस वर्षांची, गोल चेहऱ्याची, नाकीडोळी नीटस. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, “नाव काय गं तुझं?”

मंदाबाई म्हणाल्या, “अश्विनी.”

“कितवा महिना?”

“पाचवा सरत आला.”

“जेवण जातं का?”

“सकाळचं न्हाई जात. रातीला दोन भाकरी खाती.”

मी फळ्यावरच्या नियमाकडे बोट दाखवलं. मंदाबाईंनी तो मोठ्यानं वाचला, मान डोलावली आणि म्हणाल्या, “बरोबर हाय. पोट आमच्याच घरातलं हाय की.”

व्यायामाच्या दिवशी मी सतरंजी अंथरली. पाय दुमडून, टाचा जवळ घेऊन, गुडघे अलगद बाजूला, असा एक साधा प्रकार. अश्विनी उठायच्या आत मंदाबाई लुगडं सावरून सतरंजीवर.

“अहो, तुम्ही नाही! तिनं करायचं!”

“तिचं पोट हाय, तिला कशाला तरास? मी शिकून घेते, मंग घरी सांगते.”

पूर्ण व्यायाम केला बाईनं. श्वाससुद्धा घेतला, नाकातून आत, तोंडातून बाहेर. पुढच्या मंगळवारी मला दारातच सांगितलं, “मॅडम, गुडघं लई मोकळं झालं बघा.” त्यांचा फायदा झाला हे खरं. पण बाळंत मंदाबाई होणार नव्हत्या.

एकदा त्या लाडू आणायला की कशाला बाजारात गेल्या, तेव्हा मी संधी साधली. अश्विनीला एकटीला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, “खरं सांग, तुला भीती कशाची वाटते?” तिनं बराच विचार केला. मग अगदी गोड हसून म्हणाली, “आत्या आल्या की सांगतील.”

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मी खडू खाली ठेवला आणि पाणी प्यायले.

याहून मोठी अडचण पुढं होती, आणि ती आपल्या रीतीतलीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी आईकडे जाते. म्हणजे मी वर्गात सासूला घोटून घोटून शिकवणार, आणि प्रत्यक्ष वेळ येणार तेव्हा जवळ असणार आई, जिनं माझं तोंडही पाहिलेलं नाही. अभ्यास एका घराचा आणि परीक्षा दुसऱ्या घरची. संस्थेनं दौंड तालुक्यातला वर्ग सुरू केला तो यासाठीच, आणि अश्विनीचं माहेर नेमकं यवतच्या जवळ निघालं. मला कोण आनंद झाला! म्हटलं, आता आईच्या जवळ आली, आता पोरगी घडाघडा बोलेल.

शुक्रवारी अश्विनी आली. सोबत आई, शालन. दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायला जाणारी, किडकिडीत, झपझप चालणारी बाई.

“काय गं अश्विनी, कशी आहेस?”

शालन म्हणाली, “एकदम झ्याक हाय.”

“पायावर सूज?”

“आजिबात न्हाई.”

“रात्री झोप लागते?”

“घोरती की!”

मी कपाळाला हात लावला. “अहो शालनताई, तिला बोलू द्या ना.”

“माझीच पोर हाय मॅडम. मला ठाव न्हाई व्हय?”

तेवढ्यात शालनच्या पिशवीतला फोन वाजला. केंदूरहून मंदाबाई. त्या रोज फोन करायच्या, आणि माझ्या वर्गातली लक्षणं पाढ्यासारखी एकेक विचारायच्या. डोकं? डोळं? तोंडावर सूज? पानी गेलं का? फोन शालनच्या कानाला, आणि शालनचं उत्तर ठरलेलं: “न्हाई, न्हाई, काय न्हाई, समदं चांगलं हाय.”

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “इहिनबाईंला वाटतं, त्यांची सून मी उपाशी ठिवते.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लेक आईच्या घरी असते, पण ठेव सासरची असते. माहेरी असताना तिचं साधं डोकं दुखलं, तरी तो आईच्या नावावर बट्टा. ‘आईनं नीट सांभाळली नाही’ हे वाक्य सासरच्या अंगणात वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून आईच्या तोंडी सगळं झ्याक. आणि सासूला दुखणं सापडलं की तिचा शब्द खरा ठरतो, म्हणून तिच्या लेखी सगळं दुखतंय. मधे बसलेल्या पोरीनं दुखतंय म्हटलं तर आई खोटी पडते, नाही म्हटलं तर सासू खोटी पडते. ती गप्प बसते ती लाजून नव्हे. तिनं हिशेब केलेला असतो.

हे कळलं म्हणून माझा वैताग कमी झाला, असं मात्र नाही. उलट वाढला. कारण आता रागावू कोणावर?

अश्विनीचा नववा लागला आणि त्या शुक्रवारी ती दोन्हीकडून वेढलेली आली. उजवीकडे शालन, डावीकडे मंदाबाई. मंदाबाई केंदूरहून दोन गाड्या बदलून, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन सुनेला बघायला आल्या होत्या. अश्विनी खुर्चीत बसली आणि मला तिचा चेहरा बदललेला दिसला. पोटुशीचा चेहरा भरतो, तसा नव्हे. पापण्या जड, बोटातली अंगठी रुतलेली. मी रक्तदाब घेतला. वाढलेला होता. पुन्हा घेतला. तेवढाच.

“डोकं दुखतं का गं?”

“न्हाई वो,” शालन म्हणाली.

“दुखतंय!” मंदाबाई म्हणाल्या. “मला फोनवर मागनं तिचा आवाज येतो, त्यावरनं कळतं. चार रोज झालं, ती दबून बोलती.”

“तुमी फोन करकरून पोरीचं डोकं उठिवताय, त्यानं दुखत आसंल!”

“म्हंजी दुखतंय! आता कसं कबूल केलं!”

“कवा केलं मी कबूल?”

स्वेटर तसाच टेबलावर टाकून मी तिघींना घेऊन समोरच्या इमारतीत डॉक्टरांच्या खोलीत गेले. डॉक्टर नवीन होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, पण शांत. त्यांनी लघवी तपासायला पाठवली, पोट तपासलं, ठोके ऐकले, आणि मला बाजूला घेऊन नीट समजावलं. रक्तदाब काठावर आहे. लघवीत थोडा दोष आहे. एवढंच असेल, तर इथं दाखल करून लक्ष ठेवता येईल. पण त्याबरोबर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढं चमकत असेल, तर हे पुढं गेलेलं प्रकरण आहे. मग फिट येऊ शकते, आई आणि बाळ दोघांनाही धोका. तसं असेल तर लगेच इंजेक्शन देऊन अँब्युलन्सनं पुण्याला. “सगळं तिच्या उत्तरावर आहे,” त्या म्हणाल्या.

तिच्या उत्तरावर! मी मनात म्हटलं, मग झालंच.

डॉक्टर तपासणीच्या टेबलाजवळ गेल्या. अश्विनी कुशीवर पडून भिंतीकडे बघत होती. शालन तिच्या पायाशी, मंदाबाई उशाशी.

“अश्विनी, डोकं दुखतंय का?”

“न्हाई दुखत, डॉक्टर,” शालन म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज बारीक झाला होता.

“दुखतंय, लिवून घ्या,” मंदाबाई म्हणाल्या.

“मी आई हाय तिची!”

“आन् मी कोन हाय मंग? नातू कुनाचा हाय तो?”

“बघा डॉक्टर, नातूच म्हनत्यात! पोरीचं काय न्हाई!”

“आरं द्येवा, ह्ये कवा म्हनलं मी?”

डॉक्टरांनी हात वर केला. दोघी थांबल्या. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “अश्विनी, तू सांग. डोळ्यांपुढं काही चमकतं का?”

अश्विनीनं ओठ हलवले. मी शपथेवर सांगते, हलवले. माझी सगळी मेहनत त्या ओठांवर येऊन थांबली होती. बस, एक क्षण सगळ्यांनी गप्प राहायचं होतं.

आणि मला राहवलं नाही. मी पुढं सरसावले. माझ्या हातवाऱ्यांसह, वर्गातल्या आवाजात सुरू झाले, “डॉक्टर, मी सांगते. या मुलीला मी चार महिने ओळखते. अत्यंत सोशिक मुलगी आहे. तिला त्रास होत असला तरी ती सांगणार नाही. तिच्या चेहऱ्यावरूनच माझ्या लक्षात आलं, की तिला नक्की...” मग सोशिकपणावर, रीतीरिवाजांवर आणि बायकांच्या आरोग्यावर मी बरंच काही बोलले असावे. शालन आणि मंदाबाई आयुष्यात पहिल्यांदा एकाच गोष्टीला मान डोलावत होत्या.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागायचा. इंजेक्शन दिलं गेलं. अँब्युलन्स आली. पुण्याला मोठ्या रुग्णालयात पोट उघडून बाळंतपण झालं. मुलगी झाली, वजनानं लहान, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. फिट आली नाही. पुण्यापर्यंत अँब्युलन्समध्ये दोन्ही विहिणी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, असं ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. त्यांना बोलायला तोंडच उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. कारण माझं व्याख्यान ऐन रंगात असताना मागून धाडकन आवाज झाला. अश्विनीनं टेबलाशेजारचा स्टीलचा ट्रे हातानं उडवून लावला होता. ती उठून बसली. लाल डोळ्यांनी आधी आईकडे बघितलं, मग सासूकडे, मग माझ्याकडे. आणि अख्ख्या रुग्णालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

“गप बसा गं तिघीबी! डोकं माझं फुटतंय, कालच्यापासनं डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात, आन् मॅडम, लई त्रास हाय तो तुमच्या आवाजाचा!”